अमळनेर ते नाशिक भाड्याची गाडी: गाडी एक नंबर, पण फोनमुळे ५ पैकी १ स्टार

आईच्या डोळ्याच्या पडद्याचं दाखवायला दर दोन-तीन महिन्यांनी नाशिकला जावं लागतं. आपली लाईन सुरत-भुसावळची, रेल्वेनं जायचं म्हटलं तर जळगावला उतरून गाडी बदला, आईला जिने चढवा-उतरवा, त्यापेक्षा आम्ही सरळ भाड्याची गाडी करतो. गेल्या नोव्हेंबरमध्ये नेहमीचा गाडीवाला लग्नात अडकलेला म्हणून इथल्याच एका ट्रॅव्हल्सवाल्याची गाडी केली आणि त्याबद्दलच लिहितेय. नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या ड्रायव्हर पोऱ्याचं पोट त्याच्यावर आहे, आणि खरं सांगायचं तर नाव बदलून बाकी सगळं असंच्या असं मी अजून चार ट्रॅव्हल्सबद्दल लिहू शकते.

चांगलं आधी सांगून टाकते. गाडी अर्टिगा, नवीच, आत वास नाही, एसी व्यवस्थित, सीटकव्हर धुतलेले. किलोमीटरला १४ रुपये, टोल वेगळा, ड्रायव्हर भत्ता ३०० रुपये, जे फोनवर सांगितलं तेच शेवटी घेतलं, एक रुपया इकडचा तिकडे नाही. पहाटे पाचला बोलावलेली गाडी पावणेपाचला दारात. पोऱ्या पंचविशीच्या आतबाहेरचा, बोलायला गोड, आईला हात धरून बसवलं, व्हीलचेअर डिकीत नीट आडवी ठेवली. या सगळ्याला मी डोळे झाकून पाच स्टार दिले असते.

जाताना अंधार होता, आई झोपली, मी पण डुलक्या घेत होते, त्यामुळे धुळ्यापर्यंत काही लक्षात आलं नाही. लळिंग टोलच्या पुढे जाग आली तेव्हा बघितलं की फोन एसीच्या जाळीला लावलेल्या होल्डरमध्ये आहे, मॅप चालू आहे, आणि मधेच वरून मेसेज आला की पोऱ्या अंगठ्यानं तो खाली ओढून वाचतोय. म्हटलं असेल काही कामाचं. दहाला दवाखान्यात पोचलो, वेळेत. तेव्हा मी काही बोलले नाही, आणि ते बोलायला हवं होतं.

दवाखान्यात आईच्या डोळ्यात थेंब टाकले, बाहुल्या मोठ्या करायला टाकतात ते. ज्यांनी टाकून घेतलेत त्यांना माहिती आहे, नंतर चार-पाच तास सगळं धूसर दिसतं आणि उजेड डोळ्यात घुसतो. निघायला साडेचार झाले. आई पुढे बसली कारण मागे तिला मळमळतं, मागे मी आणि माझा नऊ वर्षाचा भाचा, त्याला नाशिक बघायचं होतं म्हणून आलेला.

पिंपळगाव सोडलं आणि फोन सुरू झाले. एक ठेवला की दुसरा. पोऱ्या स्पीकरवर बोलायचा म्हणून सगळं आम्हाला ऐकू येत होतं, त्यामुळे मी मोजलेच. मालेगाव येईपर्यंत १४ फोन, त्यातले ६ त्याच्या मालकाचे. कुठं पोचला, डिझेल किती टाकलं, मीटरचा फोटो पाठव, उद्या सकाळची चोपड्याची ट्रिप आहे जाशील का, लोकेशन टाक ग्रुपवर, परवाच्या पार्टीनं पैसे दिले का. दोन फोन त्याच्या घरचे. तीन उद्याच्या पार्टीचे, म्हणजे गाडी आमच्या ताब्यात आणि बोलणं दुसऱ्याच्या प्रवासाचं. आणि उरलेले तीन, हे लिहिताना मला वाईट वाटतंय, ते आमच्या घरचे. माझा फोन बंद पडला होता म्हणून भावानं ड्रायव्हरला लावला, "कुठपर्यंत आले?" अर्ध्या तासानं परत, "आता कुठपर्यंत आले?" निघताना ड्रायव्हरचा नंबर घरच्या ग्रुपवर मीच टाकला होता.

राहूड घाटातली गोष्ट मला विसरता येत नाहीये. आई त्याला आमच्या मामेबहिणीच्या लग्नातली काहीतरी गंमत सांगत होती, रंगात आलेली, आणि घाट सुरू झाला, समोरून ट्रकचे लाईट आले, तशी आई वाक्य अर्धवट टाकून आपोआप गप्प झाली. तिला तर नीट दिसतही नव्हतं, पण बाजूला बसलेल्या माणसाला गाडीचा अंदाज असतो, वळण कळतं, ब्रेक कळतो. त्याच मिनिटाला मालकाचा फोन आला आणि तो तिकडे अमळनेरला खुर्चीवर बसून विचारतोय, "अरे ती मागच्या मंगळवारची एन्ट्री बोल बरं, किती किलोमीटर झालते?" आणि हा पोऱ्या घाटात, एका हातानं स्टेअरिंग, मंगळवारचे किलोमीटर आठवतोय. त्याची मान समोरच होती, डोळे पण रस्त्यावरच, पण बघणारं आत कोणी नव्हतं. एक दुचाकीवाला डाव्या बाजूनं चढत होता, तो त्याला अगदी जवळ गेल्यावर दिसला.

खरा प्रसंग उमराण्याच्या पुढे घडला. लाल कांदा निघायचे दिवस, मार्केटला माल टाकून रिकामे ट्रॅक्टर घरी निघालेले, आणि आपल्याकडे ट्रॉलीला मागे लाईट असणं म्हणजे नवलच, कोणी लाल रेडियम लावलं तर लावलं. अंधार पडलेला. फोन थांबले होते म्हणून मला जरा बरं वाटलं तर पोऱ्याच्या चेहऱ्यावर निळा उजेड हलताना दिसला. मॅप खाली करून त्यानं रील्स लावल्या होत्या, आवाज बंद करून, आपल्याला कळू नये म्हणून. काटा ऐंशीवर. आईनं त्याच्याकडे मान वळवली आणि एवढंच म्हणाली, "भाऊ, तू कोठे देखी राहिना?" म्हणजे, तू कुठं बघतोयस?

तो दचकला, वर बघितलं आणि समोर ट्रॉली. ब्रेक मारला, गाडी डावीकडे ओढली गेली, चाकं रस्त्याच्या कडेच्या मुरमावर गेली, खालून खडी वाजल्याचा आवाज आला आणि गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीचं मागचं फळकं आमच्या बोनेटपासून फार तर दोन हात होतं. त्या फळक्यावर कांद्याची सालं चिकटलेली मला हेडलाईटमध्ये दिसत होती. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नाही, तो आपला गाणी लावून पुढे निघून गेला. भाचा पुढच्या सीटवर आपटला, ओठ फुटला. त्यानं बेल्ट लावला नव्हता आणि मी लावायला सांगितलं नव्हतं. मागच्या सीटवरही बेल्ट सक्तीचा आहे, नाही लावला तर १००० रुपये दंड आहे हे मला माहिती होतं, तरी नाही सांगितलं. आईच्या डोळ्याच्या थेंबांची बाटली कुठंतरी सीटखाली गेली ती गेलीच.

घरी आल्यावर झोप येईना म्हणून मी कागदावर हिशोब मांडला. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. रील बदलायची, एक नजर टाकायची, याला तीन सेकंद कुठं गेले कळत नाही. तीन सेकंदात ६६ मीटर. आमच्या गल्लीच्या तोंडापासून आमच्या दारापर्यंत साधारण तेवढंच असेल, दोन्हीकडची घरं, ओटे, त्यावर बसलेल्या बाया, खेळणारी पोरं, आणि हे एवढं सगळं डोळे मिटून पार करायचं. त्यानंतर वर बघितलं तरी पाय ब्रेकवर जाईपर्यंत अजून एक-दीड सेकंद, म्हणजे पुन्हा वीस-तीस मीटर, आणि गाडी थांबायला लागणारं अंतर पुढे वेगळंच. आईनं ते वाक्य एका सेकंदानं उशिरा म्हटलं असतं तर मी हे लिहायला असते की नाही माहिती नाही.

आता मालकाबद्दल. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, "ताई, ट्रिप कशी झाली, जरा चांगलं रेटिंग टाका." मी सगळं सांगितलं. तर म्हणे, "ताई, फोन होल्डरमध्ये होता ना, मग चालतं, कायद्यातच आहे." नाही चालत. २०२० ला मोटार वाहन नियमात जो बदल झाला, १ ऑक्टोबरपासून लागू झालेला, त्यात गाडी चालवताना फोन वापरायला मुभा आहे ती फक्त रस्ता बघण्यापुरती, आणि ती पण ड्रायव्हरचं लक्ष उडणार नाही अशा बेतानं. रील्स म्हणजे रस्ता बघणं नाही. आणि हातात फोन धरून गाडी चालवणं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच मोडतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला १००० ते ५००० रुपये दंड आणि सहा महिने ते एक वर्ष कैद, यातलं काहीही किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि तीन वर्षांच्या आत परत सापडला तर दंड १०,००० रुपये किंवा कैद दोन वर्षांपर्यंत, किंवा दोन्ही.

मग तो म्हणाला की बरं ताई, पुढच्या महिन्यात सगळ्या गाड्यांना ब्लूटूथ बसवून देतो, मग तर झालं? मनानं वाईट माणूस नाहीये तो, त्याला खरंच वाटतंय की हात मोकळे झाले की प्रश्न मिटला. पण घाटात त्या पोऱ्याचे हात कुठं अडकले होते? फोन होल्डरमध्ये, बोलणं स्पीकरवर, तरी दुचाकीवाला दिसला नाही, कारण डोकं मंगळवारच्या एन्ट्रीत होतं. अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर प्रयोग केलेत, ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर लोकांना बसवून, एकदा फोनवर बोलत आणि एकदा दारू पाजून, आणि २००६ साली त्यांनी मांडलं की फोनवर बोलणाऱ्याची गाडी तिथल्या कायद्यातल्या मर्यादेइतकी प्यायलेल्या माणसाइतकीच बिघडते, आणि फोन हातात आहे की हँड्सफ्री यानं फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटना पण सांगते की फोन वापरणाऱ्या ड्रायव्हरला अपघाताचा धोका साधारण चौपट असतो आणि हँड्सफ्री घेतलं म्हणून तो फार कमी होत नाही. आपल्या देशात २०२२ मध्ये, सगळी कारणं धरून, रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. आपण दारू प्यायलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत आईला बसवू का? वासानंच खाली उतरू. फोनचा वास येत नाही, एवढाच काय तो फरक.

सगळा दोष पोऱ्याच्या माथी मारून मी मोकळी होणार नाही, कारण मालेगावला चहाला थांबलो तेव्हा मी त्याच्याशी बोलले. हात थरथरत होते त्याचे, कप बशीवर वाजत होता. रील्सचं त्याला काही उत्तर नव्हतं, मान खाली घालून "चुकलं ताई" म्हणाला, सकाळी चारपासून जागा आहे, झोप येऊ नये म्हणून लावल्या म्हणाला. झोप येत असेल तर गाडी बाजूला लावायची असते, आम्ही अर्धा तास उशिरा पोचलो असतो, तेही मी त्याला सांगितलं. पण फोनचं विचारलं तेव्हा जे बोलला ते मी अजून डोक्यात घेऊन फिरतेय. "ताई, मालकाचा फोन नाही उचलला तर उद्याची ट्रिप दुसऱ्याला जाते. पार्टीचा नाही उचलला तर पार्टी मालकाकडे तक्रार करते का ड्रायव्हर फोन घेत नाही." म्हणजे बघा, फोन उचलणारा ड्रायव्हर चांगला, न उचलणारा माजलेला. ही सवय त्याला कोणी लावली? मालकानं लावली, आणि आपण लावली. गाडी ऐंशीवर आहे हे माहिती असून आपणच फोन करतो आणि तिसऱ्या रिंगला उचलला नाही तर चिडतो.

म्हणून माझी या ट्रॅव्हल्सबद्दल मूळ तक्रार ड्रायव्हर नाही, धंदा चालवायची पद्धत आहे. मालकाला लोकेशन पाहिजे तर गाडीला जीपीएस लावा, व्यावसायिक गाडीला ते काय अवघड आहे. मीटरचा फोटो गाडी उभी असताना घ्या. उद्याची ट्रिप आज रात्री गाडी दारात लागल्यावर ठरवा. आणि फोन लावलाच तर पहिलं वाक्य हे पाहिजे की गाडी चालू आहे का, हो म्हटला की ठेवून द्या. मी हे मालकाला जसंच्या तसं सांगितलं. बोलता बोलता मला पलीकडून हॉर्न ऐकू आला. विचारलं, तुम्ही आत्ता कुठं आहात? म्हणे पारोळा रोडला, गाडीतच. मी म्हटलं दादा, मी फोन ठेवतेय, थांबलात की लावा. वीस मिनिटांनी पेट्रोल पंपावरून लावला आणि म्हणाला, "ताई, खरंय तुमचं." पुढे काय बदललं मला माहिती नाही, पण तेवढ्यासाठी शून्याऐवजी एक स्टार देतेय.

आता ज्यांना गाडी करायचीच आहे त्यांच्यासाठी. जानेवारीच्या तपासणीला आम्ही पारोळ्याच्या एका आबांची गाडी केली, एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाल्यावर स्वतःची गाडी घेतलीये. गाडी जुनी, एसी नावाला, खिडकीची एक काच अर्ध्यावर अडकते. किलोमीटरला एक रुपया जास्तच घेतात. निघायच्या आधी आबांनी मॅप लावला, रस्ता बघून घेतला, फोन सायलेंट करून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला आणि कप्पा बंद केला. मग मागे वळून म्हणाले, "ताई, घरच्यांना सांगून द्या, काही लागलं तर तुम्हाला लावतील, मले लावू नका." बस. मालेगावला चहाला थांबले तेव्हा कप्पा उघडला, सहा मिस्ड कॉल होते, झाडाखाली उभं राहून सगळ्यांना फोन लावले, दहा मिनिटं गेली, परत कप्पा बंद. रस्ताभर आईशी गप्पा मारत होते, कळण्याची भाकरी कशी मऊ ठेवायची यावर दोघांचं जवळजवळ भांडण झालं, पण घाट आला की दोघं गप्प, घाट उतरला की परत सुरू. नेहमीपेक्षा पंधरा-वीस मिनिटं उशीर झाला असेल. आई परतीच्या वाटेत झोपली, थेंब टाकलेले असताना, पुढच्या सीटवर. मागच्या वेळेला ती घरी पोचेपर्यंत डोळे ताणून बसली होती.

ज्या पोरांना कप्प्यात टाकणं जमत नाही त्यांच्या फोनमध्येच सोय असते, हे बऱ्याच जणांना माहिती नाही. बहुतेक स्मार्टफोनला ड्रायव्हिंग मोड आहे, तो लावला की मेसेज दिसत नाहीत, रिंग वाजत नाही, काही फोन तर समोरच्याला आपोआप कळवतात की हा माणूस गाडी चालवतोय. भाच्यानंच मला ते सेटिंगमधून काढून दाखवलं, आता माझ्या स्कूटीच्या वेळेला मी लावते. हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलत जाणारे आपल्या इथं किती आहेत, तिरकी मान करून, त्यातले अर्धे मला ओळखतात, म्हणून इथंच सांगते, भाऊ, गाडी बाजूला घ्या आणि बोला.

बुकिंग करताना आता मी भाडं नंतर विचारते, आधी एवढंच सांगते की गाडी चालू असताना फोन घ्यायचा नाही, मालकाचाही नाही, आणि ते कबूल असेल तरच गाडी पाठवा. आतापर्यंत तिघांनी "बघू" म्हणून फोन ठेवला आणि एकानं लगेच हो म्हटलं. बेल्टचं मी बसल्या बसल्या बघते, आधी भाच्याचा, मग आईचा, मग माझा. आणि रस्त्यात काही झालंच तर ॲम्ब्युलन्सला १०८, पोलिसांना ११२ आणि नॅशनल हायवेवर असाल तर १०३३, हे तिन्ही नंबर मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आईच्या पिशवीत ठेवलेत, थेंबांच्या नव्या बाटलीजवळ.

आईची पुढची तारीख मार्चमध्ये आहे. आबांना सांगून ठेवलंय. भावालाही सांगितलंय की चांदवड, मालेगाव, धुळे, तीन ठिकाणी थांबल्यावर मी स्वतः फोन करीन, मधे वाट बघायची.